रंगाऱ्याच्या घरातून नोबेलपर्यंत : सर जेफ्री विल्किन्सन

खताच्या गोणीवर लिहिलेला स्फुरद म्हणजेच फॉस्फरस. पिकाच्या मुळांना लागणारं हे मूलद्रव्य रसायनांच्या कारखान्यातही मोठं काम करतं. ते दाखवून देणाऱ्यांत इंग्लंडचे शास्त्रज्ञ सर जेफ्री विल्किन्सन यांचं नाव पुढे आहे.

त्यांचा जन्म १४ जुलै १९२१ रोजी यॉर्कशायरमध्ये टॉडमॉर्डनजवळच्या खेड्यात झाला. वडील घरं रंगवायचे. आई लहानपणीच कापड गिरणीत कामाला लागलेली. आजोळची मंडळी मूळची डोंगराळ भागातली शेतकरी. नात्यातल्या एकाच्या सासरी औषधी क्षार बनवायचा छोटा कारखाना होता, तिथंच पोराला रसायनांची गोडी लागली. शिष्यवृत्तीवर शाळा झाली आणि १९३९ साली शिष्यवृत्तीवरच लंडनचं इम्पिरियल कॉलेज गाठलं.

महायुद्धात त्यांनी कॅनडात अणुप्रकल्पावर काम केलं. पुढे अमेरिकेत हार्वर्डला असताना १९५२ साली रॉबर्ट वुडवर्ड यांच्यासोबत त्यांनी फेरोसीनची खरी रचना मांडली. कार्बनच्या दोन कड्यांच्या मधोमध लोखंडाचा अणू, असा तो रेणू. एवढं करूनही हार्वर्डमध्ये कायमची जागा मिळाली नाही. ते मायदेशी परतले आणि इम्पिरियलमध्येच प्राध्यापक झाले. पुढे याच विषयातल्या कामासाठी १९७३ चं नोबेल त्यांना जर्मनीच्या अर्न्स्ट ओटो फिशर यांच्यासोबत विभागून मिळालं.

पण कारखान्यांना जास्त उपयोगी पडलं ते १९६५ च्या सुमाराचं काम. वनस्पती तूप बनवताना तेलात हायड्रोजन घालायला निकेल धातू, उष्णता आणि दाब लागतो. विल्किन्सन यांनी ऱ्होडियम धातूच्या अणूला फॉस्फरस असलेले तीन रेणू जोडले. धातूला धरून त्याला वळण लावणाऱ्या अशा रेणूला लिगंड म्हणतात. या जोडीनं साध्या तापमानाला, साध्या दाबात हायड्रोजन जोडून दाखवला. आज ते विल्किन्सन उत्प्रेरक म्हणूनच ओळखलं जातं.

अडचण एकच होती. ऱ्होडियम अतिशय महाग आणि हा उत्प्रेरक तयार मालातच विरघळलेला राहायचा. माल काढायचा तर तापवून उडवावा लागे. थोडा जरी धातू मालासोबत गेला तरी नुकसान मोठं.

यावरचा तोडगा पाण्यानं दिला. १९७० च्या दशकात फ्रान्सच्या रोन-पूलंक कंपनीतले एमिल कुंट्झ यांनी त्याच फॉस्फरस लिगंडला तीन सल्फोनेट गट जोडले. त्यामुळे पाण्यात न विरघळणारा लिगंड पाण्यात सहज विरघळू लागला. मग धातू खाली पाण्यात आणि तयार माल वर तेलासारखा तरंगणारा. वरचा थर काढून घ्यायचा, पाणी पुन्हा वापरायचं. १९८४ साली जर्मनीत ओबरहाउझेन इथं रुरखेमी कंपनीनं या पद्धतीवर प्रोपिलीनपासून ब्यूटिरअल्डिहाइड बनवायचा कारखाना सुरू केला. मऊ प्लॅस्टिकला लागणारी रसायनं या मालापासून तयार होतात.

लिगंड बदलला की धातूचं काम बदलतं, हीच वाट धरून विल्यम नोल्स यांनी कंपवातावरचं एल-डोपा हे औषध बनवायची पद्धत काढली. त्यांनाही २००१ साली नोबेल मिळालं.

विल्किन्सन यांना १९७६ साली सर हा किताब मिळाला. २६ सप्टेंबर १९९६ रोजी लंडनमध्ये त्यांचं निधन झालं. आपले विद्यार्थी अल्बर्ट कॉटन यांच्यासोबत लिहिलेलं त्यांचं असेंद्रिय रसायनशास्त्राचं जाडजूड पुस्तक एम.एस्सी.ची मुलं आजही अभ्यासाला घेतात.