संगणकाला भाषांतर शिकवणाऱ्या हॉपरबाई

सोर्स कोडपासून ऑपरेटिंग सिस्टिम तयार करायला कधी काही मिनिटे लागतात, तर कधी कित्येक तास. असे का होते ते सांगताना आम्हांला ग्रेस हॉपर यांची आठवण होते.

हॉपरबाईंचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्कला झाला. सात वर्षांच्या असताना, गजराचे घड्याळ चालते कसे हे पाहायला त्यांनी घरातली घड्याळे एकामागून एक खोलून ठेवली होती! १९३४ मध्ये येल विद्यापीठाची गणितातील पीएच.डी. मिळाली. दुसऱ्या महायुद्धात, वजन कमी भरत असूनही खास सवलत मिळवून त्या नौदलात शिरल्या आणि १९४४ मध्ये हार्वर्डच्या मार्क १ या अजस्र यंत्रावर रुजू झाल्या.

तेव्हा प्रोग्राम यंत्राच्या सांकेतिक आकड्यांत लिहीत. जुन्या वहीतले तुकडे उतरवून घ्यायचे, पत्त्यांचे आकडे बदलायचे, आणि त्यात चुका ठरलेल्या. ही हमाली यंत्रानेच का करू नये, असे बाईंना वाटले. १९५२ मध्ये युनिव्हॅकसाठी त्यांचा ए-० हा कंपायलर तयार झाला. संगणक फक्त आकडेमोड करतो, या समजुतीने बराच काळ कोणी त्याला हात लावीना.

युनिव्हॅकची मेमरी अवघी १००० शब्दांची. प्रोग्रामला पुढच्या भागावर उडी घ्यायची असे, पण तो भाग कुठे बसणार हेच ठरलेले नसे. बाईंना कॉलेजातला बास्केटबॉल आठवला. चेंडू सोबतिणीकडे टाकायचा, पुढे पळायचे आणि परत घ्यायचा. तशी मेमरीच्या टोकाला जागा राखून त्यांनी उडी तात्पुरती तिथे वळवली. काम एकाच फेरीत उरकले.

आजचा कंपायलर एका फेरीत थांबत नाही. लिनक्सचा कर्नल म्हणजे हजारो फायली. प्रत्येक फाईल वाचायची, तपासायची, कोड वेगवान करायचा, शेवटी सगळे जोडायचे. एखादी फाईल बदलली तर बहुधा तेवढीच पुन्हा करावी लागते; पण अनेकांना सामाईक असलेली हेडर फाईल बदलली, की तिच्यावर अवलंबून असणाऱ्या साऱ्या पुन्हा! त्यात मेमरी अपुरी पडली तर संगणक संथ डिस्ककडे धावतो. माणसाचे श्रम असे यंत्राच्या वेळाने फेडले जातात.

बाई १९८६ मध्ये, ७९ व्या वर्षी, रिअर अॅडमिरल म्हणून निवृत्त झाल्या आणि १ जानेवारी १९९२ रोजी वारल्या. भाषणांत त्या सुमारे ३० सेंटीमीटर लांबीचे तारेचे तुकडे वाटत. एका नॅनोसेकंदात वीज फार तर तेवढीच जाते. मग त्या एका मायक्रोसेकंदाचे भेंडोळे काढून दाखवत. ते भरे जवळजवळ ३०० मीटर!