राजवाड्यांचा वारसा आणि खानदेशातील दफ्तरे

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचा जन्म कोकणातला, शिक्षण पुण्याचे आणि भ्रमंती साऱ्या महाराष्ट्राची. परंतु त्यांनी देह ठेवला तो खानदेशात, धुळे येथे, ३१ डिसेंबर १९२६ रोजी. त्यानंतर अवघ्या नऊ दिवसांनी, ९ जानेवारी १९२७ रोजी, भास्कर वामन भट प्रभृती धुळेकर स्नेह्यांनी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ स्थापन केले आणि त्यांचा संग्रह जतन करण्याचे उत्तरदायित्व पत्करले. नरडाणा, शिंदखेडे, शिरपूर या परिसरातील विद्यार्थ्याला महाराष्ट्राच्या इतिहासलेखनातील हे तीर्थ हाकेच्या अंतरावर आहे. असे असूनही या पुरुषाचे नाव तेवढे ठाऊक आणि कार्य मात्र अपरिचित, अशीच बहुतेकांची स्थिती असते.

राजवाड्यांचा जन्म १८६३ सालचा. पितृछत्र बालपणीच हरपले. पदवी मिळविल्यावर काही काळ त्यांनी अध्यापन केले. पण चाकरीत मन रमले नाही. पत्नीचे अकाली निधन झाले, तेव्हा वय तरुण असूनही त्यांनी पुन्हा संसार मांडला नाही. पुढचे सारे आयुष्य त्यांनी जुन्या कागदांच्या शोधात वेचले. त्यांना सरकारी अधिकार नव्हता, विद्यापीठाचे आसन नव्हते, नियमित वेतनही नव्हते. जाडेभरडे कपडे, हाताने शिजवलेले अन्न आणि मैलोगणती पायपीट एवढ्या भांडवलावर त्यांनी हा व्यवसाय आरंभिला.

त्या काळी मराठ्यांच्या इतिहासाचा प्रमाणग्रंथ म्हणजे ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्याचा ग्रंथ. त्याच्यावर टीका करणारे पुष्कळ होते. परंतु ती बहुधा अभिमानाच्या जोरावर चाले. अभिमानाने इतिहास खोडता येत नाही, त्यासाठी पुरावा लागतो, हे राजवाड्यांनी ओळखले. घटनेनंतर कित्येक वर्षांनी रचलेल्या बखरीपेक्षा घटना घडत असताना लिहिलेले एक साधे पत्र अधिक मोलाचे, हा त्यांचा दंडक होता. अशी पत्रे सरदारांच्या वाड्यांत, देशमुख-कुलकर्ण्यांच्या दफ्तरांत, मठांत आणि माळ्यांवर मोडी लिपीत बांधून पडलेली होती. कोणी ती वाळवीच्या स्वाधीन केली होती, कोणी संशयापोटी दाखवीत नव्हते, तर कोणी रद्दीच्या भावाने विकून मोकळे झाले होते. राजवाडे दारोदार हिंडले, विनवण्या केल्या, प्रसंगी अपमानही गिळले.

१८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड निघाला. त्यात १७५० ते १७६१ या काळातील, म्हणजे पानिपतपर्यंतची, अस्सल पत्रे होती. पुढे या मालेचे एकूण बावीस खंड झाले. एका निष्कांचन माणसाने उभे केलेले हे काम पाहून आजही मती गुंग होते. १९०९ साली त्यांनी ज्ञानेश्वरीची एक जुनी प्रत छापली आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. इंग्रजीत लिहून कीर्ती मिळविण्याचा मार्ग मोकळा असता त्यांनी मराठीतच लिहिण्याचा निग्रह अखेरपर्यंत पाळला.

त्यांच्या गौरवाबरोबर त्यांचे दोषही सांगितले पाहिजेत. स्वभाव तापट होता. त्यापायी स्वतः स्थापिलेल्या मंडळाशीही त्यांचे बिनसले. जातीचा अभिमान त्यांच्या विवेचनात वारंवार डोकावतो. व्युत्पत्तीच्या नादात त्यांनी काढलेली अनुमाने पुष्कळदा टिकली नाहीत, आणि त्यांनी छापलेल्या ज्ञानेश्वरीच्या काळाविषयीही वाद झाला. पानिपतच्या अपयशाचा ठपका त्यांनी मल्हारराव होळकर व गोविंदपंत बुंदेले यांच्यावर ठेवला. पुढील अभ्यासकांनी तो निवाडा जसाच्या तसा स्वीकारला नाही. पण तो फेरतपासण्यासाठी त्यांना राजवाड्यांनीच छापलेली पत्रे उघडावी लागली.

राजवाड्यांचे मोठेपण येथे आहे. आपले मत खोडून काढण्याचे साधन त्यांनी वाचकाच्या हाती स्वतः दिले. युरोप-अमेरिकेतील कित्येक हौशी संशोधक हाती बायबल घेऊन पश्चिम आशियाची भूमी खणीत गेले. जे सापडावे अशी श्रद्धा होती, तेच सापडल्याची ग्वाही त्यांतील काहींनी दिली. त्यांना वाचक अमाप मिळाले; परंतु पुरावा तपासू गेले असता हाती काही लागेना. लोकांना इतिहासाची गोडी लावणे हे पुण्यकर्म खरे. मात्र ज्या लेखनात अभिमान पुष्कळ आणि कागद एकही नाही, ते लेखन गोडी लावीत नाही, व्यसन लावते. आपल्याकडेही अशा लेखनाचा तुटवडा नाही.

खानदेशाच्या दृष्टीने या चरित्राचा अर्थ अधिक निकडीचा आहे. तापीकाठचे थाळनेर एके काळी फारुकी सुलतानांचे ठाणे होते. मोगल, मराठे आणि इंग्रज या साऱ्यांच्या राजवटी या भूमीने पाहिल्या. त्यांच्या खुणा जशा किल्ल्यांत आहेत, तशा घराघरांतील सनदा, वतनपत्रे, हिशेबाच्या वह्या आणि पोथ्या यांतही आहेत. वाडे पडत आहेत, वाटण्या होत आहेत आणि मोडी वाचणारी पिढी सरत चालली आहे. अशा वेळी घरातील जुने गाठोडे रद्दीत जाण्यापूर्वी जाणत्याला दाखविणे, ही कोणाही कारकुनाला वा शिक्षकाला साधणारी इतिहाससेवा आहे. शाळेने दहा विद्यार्थ्यांना मोडी शिकविली, तरी गावाच्या इतिहासाची दहा दारे उघडतील.

राजवाड्यांचा पुतळा उभारणे सोपे आहे. त्यांनी मागितले ते मात्र जुने कागद. ती मागणी पुरी करण्याचे काम त्यांच्या पश्चात आपल्यावर आले आहे, आणि वाळवीला धीर नसतो.