घरी चहा असेल का?

क्लेमेंट ॲटली हे नाव आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या इतिहासात वाचले असेल. १९४७ साली भारत स्वतंत्र झाला तेव्हा ते ब्रिटनचे पंतप्रधान होते. पण त्याआधी कितीतरी वर्षे ते लंडनमधील एका गरीब वस्तीत समाजसेवक म्हणून राबले, हे फारसे कुणाला माहीत नसते.

त्यांचा जन्म ३ जानेवारी १८८३ रोजी लंडनच्या पटनी भागात झाला. वडील नामवंत वकील, घर सुखवस्तू आणि धार्मिक. ऑक्सफर्डला शिकून क्लेमेंटही वकील झाले. १९०५ साली ते सहज म्हणून स्टेपनी या वस्तीत गेले. त्यांच्या जुन्या शाळेने तेथील गरीब मुलांसाठी एक क्लब चालवला होता. एका संध्याकाळची ती भेट; पण पाय तिकडेच वळू लागले. १९०७ मध्ये त्यांनी क्लबची व्यवस्था हाती घेतली आणि ते तेथेच राहायला गेले.

त्या दिवसांतली एक आठवण सांगतात. रस्त्यात एका लहान मुलीने त्यांना कुठे निघालात म्हणून विचारले. चहा घ्यायला घरी चाललोय, असे ते म्हणाले. त्यावर ती म्हणाली, की मीही घरी चालले आहे, चहा आहे का ते बघायला.

गरिबी ही आळसाची शिक्षा आहे, असे त्यांच्या वर्गातली माणसे मानीत. स्टेपनीत त्यांनी वेगळेच पाहिले. दिवसभर कष्ट करूनही गोदीतल्या मजुरांच्या घरी चूल पेटेलच असे नव्हते. क्लबमुळे मुले सुधारत, पण घराचे भाडे, आजारपण, बेकारी तशीच राही. म्हणून १९०८ साली ते एका समाजवादी पक्षात गेले आणि हा लाजाळू माणूस रस्त्याच्या कोपऱ्यावर उभा राहून भाषणे करू लागला.

पहिल्या महायुद्धात ते जखमी झाले. परत आल्यावर १९१९ मध्ये स्टेपनीचे महापौर झाले. मोडकळीस आलेल्या घरांच्या मालकांना दुरुस्तीच्या नोटिसा गेल्या. बालमृत्यू कमी व्हावेत म्हणून आरोग्यसेविका नेमण्यात आल्या. १९२० साली त्यांनी समाजसेवकाच्या कामावर पुस्तक लिहिले. श्रीमंताने दिलेल्या दानापेक्षा कायद्याने मिळालेला हक्क गरिबाला कमी बोचतो, असे त्यात त्यांनी मांडले.

१९२२ मध्ये शेजारच्या लाइमहाउसने त्यांना संसदेत पाठवले आणि १९५० पर्यंत तेच तेथील खासदार राहिले. १९२८ साली सायमन कमिशनचे सदस्य म्हणून ते भारतात आले, तेव्हा मुंबईत काळ्या निशाणांनी कमिशनचे स्वागत झाले. त्याच ॲटलींच्या सरकारने पुढे भारताच्या स्वातंत्र्याचा कायदा केला. ५ जुलै १९४८ पासून त्यांच्या देशात प्रत्येकाला मोफत औषधोपचार मिळू लागले. ८ ऑक्टोबर १९६७ रोजी त्यांचे निधन झाले.

घरच्या धार्मिक वातावरणात वाढूनही ॲटली स्वतः श्रद्धावान राहिले नाहीत. तरी त्या मुलीचे बोलणे त्यांनी मनावर घेतले. आपण गरजूंना मदत करतोच, ती करावीच. पण पुढच्या आठवड्यात तोच माणूस पुन्हा आपल्या दारात का उभा राहतो, हे आपण कधी विचारतो का?