जे. पी. नाईक आणि माझी आत्या

जे. पी. नाईक हे नाव मला कोठारी शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव म्हणून ठाऊक होते. बी. ए. ला अर्थशास्त्र घेतल्यावर त्यांचे आरोग्यविषयक विचार वाचनात आले आणि मला माझ्या आत्याची आठवण झाली.

आत्या सिल्लोड तालुक्यातील एका खेड्यात राहते. मधुमेहाच्या गोळ्यांसाठी ती पहाटेच्या एस. टी. ने छत्रपती संभाजीनगरला येते. गोळ्यांना फारसे पैसे पडत नाहीत. पण गाडीभाडे जाते आणि दिवसाची मजुरी बुडते. म्हणून सुगीच्या दिवसांत ती खेप चुकवते. दवाखाना असणे आणि तो गरिबाच्या आवाक्यात असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नाईकांनी फार पूर्वी ओळखले होते.

त्यांचा जन्म ५ सप्टेंबर १९०७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडी येथे झाला. मूळ नाव विठ्ठल हरी घोटगे. स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी तुरुंगवास भोगला. पुढे धारवाड जिल्ह्यातील उप्पिन बेटगेरी या खेड्यात राहून काम केले. खेडे त्यांनी पुस्तकातून नव्हे, राहून पाहिले होते. १९४८ साली त्यांनी भारतीय शिक्षण संस्था स्थापन केली.

१९७५ च्या श्रीवास्तव समितीत ते सदस्य होते. गावातीलच माणसाला प्राथमिक उपचार शिकवावेत, अवघड रुग्ण तेवढा वरच्या रुग्णालयाकडे जावा, अशी त्या समितीची दिशा होती. १९८१ साली सामाजिक शास्त्रे व वैद्यकीय संशोधन या दोन राष्ट्रीय परिषदांच्या अभ्यासगटाचा सर्वांसाठी आरोग्य हा अहवाल नाईकांच्या संस्थेने प्रसिद्ध केला. आरोग्यावरील खर्च सन २००० पर्यंत राष्ट्रीय उत्पादनाच्या ६ टक्क्यांवर न्यावा, असे त्यात सुचविले होते. मात्र नुसता पैसा वाढवून भागणार नाही. तो शहरातील इमारतींकडून खेड्यांकडे वळला पाहिजे, हा त्यातील मुख्य मुद्दा. त्याच वर्षी ३० ऑगस्टला नाईकांचे निधन झाले.

२००५ नंतर गावोगावी आशाताई आल्या, ही त्या विचाराची एक खूण म्हणता येईल. पण २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानेही सरकारी खर्चाचे उद्दिष्ट २.५ टक्केच ठेवले.

परीक्षेत मी आता नाईकांवर दोन पाने सहज लिहू शकेन. परंतु आत्याच्या गोळ्या तिच्या गावातच तिला मिळू लागतील, तेव्हाच नाईकांचा विचार खरा रुजला असे मी मानेन.