चंद्रावर पोहोचलेला जादूगार : जॉर्ज मेलिएस

पडद्यावर अवकाशयान झेप घेते, माणूस क्षणात अदृश्य होतो, परग्रहावरचे प्राणी चाल करून येतात, तेव्हा आपण डोळे विस्फारून पाहत राहतो. हे खरे नाही हे ठाऊक असूनही मन रमते. विज्ञानकथा पुस्तकात शब्दांनी रंगते; पडद्यावर मात्र तिला उभे करते ते कॅमेऱ्याचे तंत्र. या तंत्राचा पाया घालणाऱ्यांत फ्रान्सच्या जॉर्ज मेलिएस यांचे नाव अग्रभागी आहे.

मेलिएस यांचा जन्म ८ डिसेंबर १८६१ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडिलांचा बुटांचा कारखाना होता. जॉर्जना मात्र चित्रकलेचे आणि बाहुल्यांच्या खेळांचे वेड. कारखान्यात त्यांच्याकडे यंत्रांची देखभाल आली. हे काम त्यांच्या आवडीचे नव्हते, पण तेथे शिकलेली विद्या पुढे फार उपयोगी पडली. लंडनच्या मुक्कामात त्यांना जादूच्या प्रयोगांची गोडी लागली. १८८८ मध्ये कारखान्यातील आपला वाटा भावांना विकून त्यांनी पॅरिसमधील जादूच्या प्रयोगांचे एक प्रसिद्ध नाट्यगृह विकत घेतले.

२८ डिसेंबर १८९५ रोजी ल्युमिए बंधूंनी पॅरिसमध्ये चलच्चित्रांचा खेळ केला. प्रेक्षकांत मेलिएस होते. त्यांनी ते यंत्र विकत मागितले, पण नकार मिळाला. ते स्वस्थ बसले नाहीत. लंडनहून एक प्रक्षेपक आणून, त्याच धर्तीवर त्यांनी स्वतःचा कॅमेरा तयार करवला.

एके दिवशी रस्त्यावर चित्रण करताना कॅमेरा अडकला. मिनिटभरात तो पुन्हा सुरू झाला. फीत पडद्यावर पाहतात तो काय, प्रवाशांच्या गाडीची एकाएकी शववाहिका झालेली! मधल्या वेळात एक वाहन जाऊन दुसरे त्या जागी आले होते. ही आठवण मेलिएस स्वतः सांगत असत. कॅमेरा थांबवायचा, वस्तू बदलायची आणि पुन्हा सुरू करायचा, ही युक्ती त्यांनी हेरली आणि तिला शिस्त लावली. एकच फीत मागे घेऊन तिच्यावर दोनतीनदा चित्रण करणे, एक दृश्य विरत असताना दुसरे उमटवणे, हेही त्यांनी साधले. १८९७ मध्ये पॅरिसजवळ माँत्रय येथे त्यांनी सूर्यप्रकाश आत येईल असा काचेचा स्टुडिओ बांधला.

१९०२ साली त्यांचा ‘चंद्राची सफर’ हा चित्रपट आला. जेमतेम पाव तासाचा. तोफेतून उडालेले यान चंद्राच्या डोळ्यात रुतते, हे दृश्य जगभर ओळखले जाते. चंद्र जवळ येतो असे आपल्याला वाटते, पण कॅमेरा जागचा हललेला नाही. चंद्राचा मुखवटाच कॅमेऱ्याकडे सरकवला आहे. छत्रीचा फटका बसताच चंद्रवासी धुराच्या लोटात नाहीसे होतात, ती कॅमेरा थांबवण्याचीच करामत. या चित्रपटातले विज्ञान कच्चे आहे. तरीही विज्ञानपटांची सुरुवात याच्यापासून मानतात, कारण न पाहिलेले जग पडद्यावर कसे घडवायचे हे त्याने दाखवून दिले.

अमेरिकेत या चित्रपटाच्या चोरून प्रती काढल्या गेल्या आणि कमाई दुसऱ्यांनी केली. पुढे प्रेक्षकांची आवड बदलली, मेलिएस मात्र आपल्या नाटकी मांडणीला चिकटून राहिले. कर्ज वाढले, महायुद्ध आले. पाचशेहून अधिक चित्रपट काढणाऱ्या या कलावंताने १९२३ मध्ये वैतागून आपल्या मूळ फिती स्वतःच्या हाताने जाळल्या. त्यानंतर पॅरिसच्या माँपार्नास रेल्वे स्थानकावर ते खेळणी आणि गोळ्या-चॉकलेटे विकत बसत.

तेथे चित्रपटप्रेमींनी त्यांना शोधून काढले. १९२९ मध्ये त्यांचा सत्कार झाला, १९३१ मध्ये फ्रान्सचा ‘लेजियाँ द ऑनर’ हा मोठा सन्मान मिळाला. २१ जानेवारी १९३८ रोजी त्यांचे निधन झाले.

आपल्या बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले दादासाहेब फाळके हेही जादूचे प्रयोग जाणणारे होते. कॅमेऱ्याच्या करामतींनी त्यांनी पुराणातील चमत्कार पडद्यावर आणले. त्यांच्याही चित्रपटांचे आज थोडेच भाग उरले आहेत.

‘चंद्राची सफर’ची हाताने रंगवलेली एक प्रत १९९३ मध्ये बार्सिलोनात सापडली. फीत इतकी खराब झाली होती की ती नीट करण्यास अनेक वर्षे लागली. २०११ मध्ये कान महोत्सवात ती रंगीत दाखवली गेली. कर्त्याने जाळले, पण कोणीतरी एक प्रत जपली, म्हणून आपल्याला ती पाहता येते. मित्रांनो, नवे घडवणे जितके मोलाचे, तितकेच घडलेले जपणेही. आपल्या घरातील आणि शाळेतील जुनी छायाचित्रे, फिती, हस्तलिखिते रद्दीत देण्यापूर्वी या जादूगाराची आठवण अवश्य ठेवा.