पहाटेचा पाठ

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेस जुन्नर व आंबेगाव यांचा पश्चिमेकडील मुलूख डोंगरांचा आणि भरपूर पावसाचा आहे. जिल्ह्याच्या पूर्वेकडे मात्र जसजसे जावे तसतसा पाऊस उणावत जातो आणि दौंड तालुक्याचे मोकळे माळरान लागते. याच माळरानावर, पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, केडगाव हे गाव आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे एक प्रौढ विदुषी इब्री आणि ग्रीक भाषांतील ग्रंथ पुढ्यात घेऊन बसत आणि एकेका वचनाचा अर्थ मराठीत उतरवीत. त्यांना कानांनी नीट ऐकू येत नव्हते. त्यांच्या आश्रयाला शेकडो अनाथ मुली व विधवा होत्या आणि त्या सर्वांच्या अन्नवस्त्राची काळजी त्यांच्यावर होती. तरीही त्यांचे हे काम सुमारे सतरा वर्षे चालू राहिले. या विदुषी म्हणजे पंडिता रमाबाई होत.

इतका दीर्घ काळ एका कामाला चिकटून राहण्याचे बळ त्यांना कोठून लाभले, हे समजण्यासाठी त्यांच्या बाळपणाकडे वळले पाहिजे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथे झाला. हे ठिकाण आज कर्नाटक राज्यात आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे गाढे पंडित होते. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये असे मानण्याचा तो काळ. परंतु शास्त्रीबुवांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकविले. लोकांचा विरोध झाला, तेव्हा त्यांनी अरण्यात घर बांधून राहणे पत्करले. पण शिकविणे सोडले नाही.

रमाबाई शिकण्याजोग्या झाल्या तेव्हा वडील वृद्ध झाले होते. म्हणून त्यांना शिकविण्याचे काम आईने हाती घेतले. लक्ष्मीबाईंना दिवसभर घरकामातून व पाहुण्यांच्या सरबराईतून क्षणाचीही उसंत मिळत नसे. मोकळी अशी एकच वेळ होती, ती म्हणजे पहाट. झोपेने जड झालेल्या लहानग्या रमेला आई अंथरुणावरून उचलून जवळ घेई, गोड शब्दांनी जागे करी आणि रानात पाखरांची किलबिल सुरू होत असता तिच्याकडून श्लोक म्हणवून घेई. पोथीची गरज नव्हती; आईचे मुख हीच पोथी होती. पाठ एका पहाटेत मावेल एवढाच असे. पण असे पाठ साठत गेले आणि अठरा हजार श्लोकांचे भागवत त्या मुलीला मुखोद्गत झाले.

पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा करीत व पुराणे सांगत देशभर फिरू लागले. या भटकंतीतही आईचे शिकविणे थांबले नाही. मग दुष्काळ आला. जवळचे द्रव्य संपले, आणि सन १८७४ मध्ये प्रथम वडील व त्यांच्यामागून आई यांनी जगाचा निरोप घेतला. थोड्याच काळात थोरली बहीण कृष्णाबाई हीही गेली. उरली ती रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास ही दोन भावंडे. उपाशीतापाशी, अनवाणी, थंडीवाऱ्यात हजारो मैल पायी चालत ती सन १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी या तरुण स्त्रीचे संस्कृतवरील प्रभुत्व पाहून तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. आईने पहाटे पेरलेले असे उगवून आले.

परंतु सन्मानामागून पुन्हा दुःख आले. सन १८८० मध्ये बंधू श्रीनिवास वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी विवाह केला. विवाह आंतरजातीय असल्यामुळे समाजाचा रोष झाला. पुढील वर्षी त्यांना मनोरमा ही कन्या झाली. पण सन १८८२ च्या आरंभी पटकीच्या विकाराने मेधावी यांचे निधन झाले. त्या वेळी रमाबाईंचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते आणि मांडीवर वर्षाचेही न झालेले मूल होते.

आसामातील सिलचर येथे संसार करीत असता, घरच्या पुस्तकांत त्यांना लूककृत शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत सापडली होती. ती त्यांनी आवडीने वाचली. त्यांच्या आयुष्यातील पुढच्या मोठ्या वळणाचा तो आरंभ होता.

वैधव्यानंतर त्या पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि सरकारने नेमलेल्या हंटर आयोगापुढे साक्ष देऊन शिक्षिका व स्त्री-डॉक्टर यांची गरज मांडली. स्वतः वैद्यकी शिकावी या हेतूने त्या सन १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. परंतु ऐकू कमी येत असल्यामुळे ते दार त्यांना बंद झाले. तेथे त्यांनी ख्रिस्ती भगिनीसंघाचे काम जवळून पाहिले. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना या भगिनी मायेने सांभाळीत होत्या. या करुणेचे मूळ येशू ख्रिस्ताच्या शिकवणीत आहे असे रमाबाईंस वाटले आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी मुलीसह ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. तथापि धर्म बदलला म्हणून त्यांनी आपली विचार करण्याची सवय सोडली नाही. शाकाहार व साधा मराठी वेष त्यांनी कायम ठेवला, आणि पटल्यावाचून कोणतेही मत, ते धर्मगुरूंचे असले तरी, त्यांनी स्वीकारले नाही.

सन १८८६ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या. तेथे त्यांनी हिंदुस्थानातील विधवांची स्थिती लोकांपुढे मांडली, त्या विषयावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला आणि शाळेसाठी साहाय्य मिळविले. सन १८८९ च्या मार्च महिन्यात मुंबईस शारदा सदन सुरू झाले. तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई या होत. पुढे त्या धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या. पुढील वर्षी शारदा सदन पुण्यास आले. सन १८९३ मध्ये मात्र तेथील मुलींना ख्रिस्ती धर्माकडे ओढले जाते असा आक्षेप निघाला. काही पालकांनी मुली काढून नेल्या, आणि न्यायमूर्ती रानडे व डॉक्टर भांडारकर यांच्यासारखे सहानुभूतीचे सल्लागारही दूर झाले. आपल्या मुली धर्माला अंतरतील ही पालकांची भीती खरी होती. आपली प्रार्थना आपण लपवून करावी काय, हा रमाबाईंपुढील प्रश्नही तितकाच खरा होता. त्यांनी प्रार्थना लपविली नाही आणि शाळाही बंद केली नाही.

सन १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. दुष्काळात आईबापांना गमावलेल्या रमाबाईंना स्वस्थ बसवले नाही. त्या स्वतः तेथे गेल्या आणि निराधार मुलींना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभे राहिले. सन १९०० च्या सुमारास गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा आणखी मुली आल्या आणि आश्रितांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी खोदल्या गेल्या, शेती पिकू लागली, माग सुरू झाले, छापखाना उभा राहिला. अंध स्त्रियांना बोटांनी वाचण्याची लिपी शिकविण्याचे काम मनोरमाबाईंनी केले. सन १९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी रोज एकत्र प्रार्थना करण्यास कोणी यावे असे विचारले, तेव्हा सत्तर जणी आल्या. काही महिन्यांत ती संख्या पाचशेंच्या वर गेली. मात्र या प्रार्थनेने कोणाची कामे सुटली नाहीत. प्रार्थना झाली की हात पुन्हा मागाकडे, जात्याकडे व खिळे जुळविण्याकडे वळत.

याच सुमारास रमाबाईंनी आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठे काम हाती घेतले. बायबलाचे मराठी भाषांतर पूर्वी झालेले होते. नवा करार तर सन १८११ मध्येच श्रीरामपूर येथे मराठीत छापला गेला होता. परंतु प्रचलित भाषांतराची भाषा संस्कृतप्रचुर असल्यामुळे अल्पशिक्षित स्त्रियांना ती कळत नाही, असे रमाबाईंना रोजच्या अनुभवाने दिसत होते. म्हणून मूळ भाषांवरून सोप्या मराठीत संपूर्ण बायबल उतरवावे असा त्यांनी निश्चय केला. त्यासाठी पंचेचाळिशी उलटल्यावर त्यांनी इब्री व ग्रीक यांचा अभ्यास केला. हजारो संस्कृत श्लोक ज्यांना पाठ होते, त्यांनी आता कुणब्याच्या घरातील बाईला समजेल असा शब्द शोधावा, हे सोपे नव्हते. विद्वत्ता मिळविण्याइतकेच ती बाजूस ठेवणेही कठीण असते.

बायबलात सहासष्ट पुस्तके असून त्यांतील वचने सुमारे एकतीस हजार आहेत. हा आकडा ऐकून छाती दडपते. परंतु सतरा वर्षांच्या दिवसांनी त्यास भागले, तर दिवसाला सरासरी पाच वचने येतात. पाच वचने म्हणजे एका पहाटेत मावेल एवढाच पाठ. आईने लावलेली सवय येथे कामास आली. आश्रमाचा व्याप, हिशेब, आजारपण, पत्रव्यवहार, टीका या सर्वांतून रोजचा तेवढा वाटा पुढे सरकत राहिला. छपाईही मुक्ती सदनातच होऊ लागली. दुष्काळातून आलेल्या, एके काळी अक्षरही न ओळखणाऱ्या मुली खिळे जुळवून ते ग्रंथ छापू लागल्या.

सन १९१९ मध्ये सरकारने रमाबाईंना कैसर-ए-हिंद हे पदक दिले. त्यानंतर दोनच वर्षांनी, जुलै १९२१ मध्ये, मनोरमाबाई आईच्या आधी गेल्या. आईबाप, बहीण, भाऊ, पती यांच्यामागून आता एकुलती एक कन्याही गेली. रमाबाईंचे शरीर खचले होते. पण प्रार्थना व लेखणी यांत खंड पडला नाही. भाषांतर पुरे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांनी देह ठेवला. त्यांचे संपूर्ण बायबल सन १९२४ मध्ये छापून बाहेर पडले. मराठी ख्रिस्ती समाजात पुढे अन्य भाषांतरे अधिक रूढ राहिली. तथापि एकट्या स्त्रीने मूळ भाषांवरून सगळे बायबल आपल्या भाषेत आणल्याचे उदाहरण जगात विरळाच.

सन १९८९ मध्ये भारत सरकारने रमाबाईंच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले. केडगावची संस्था आजही निराधार स्त्रिया व मुले यांना आश्रय देत आहे.

रमाबाईंच्या अंगी बुद्धी असामान्य होती, यात शंका नाही. परंतु केवळ बुद्धीच्या बळावर एवढे डोंगराएवढे काम झाले नसते. ज्या श्रद्धेने त्यांना आधार दिला, ती श्रद्धा त्यांनी रोजच्या कामात उतरविली. आणि ज्या कामाचा भार वाटे, ते त्यांनी रोजच्या पाठाएवढे लहान करून घेतले. गंगामूळच्या रानात एका थकलेल्या आईने झोपेतल्या मुलीला उचलून जो पाठ सुरू केला, तो केडगावच्या माळावर चौसष्टाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर पुरा झाला.