हायड्रोजन पहिल्यांदा मोजला कोणी?

धातूवर आम्ल टाकले की पेट घेणारा वायू निघतो, हे हेन्री कॅव्हेंडिश (१७३१-१८१०) यांच्याआधीही ठाऊक होते. तो किती निघतो, हे मात्र लंडनच्या या अबोल शास्त्रज्ञाने मोजले. जस्त, लोखंड आणि कथील आम्लात विरघळवून त्यांनी वायू गोळा केला. आम्ल सल्फ्युरिक असो वा हायड्रोक्लोरिक, ठरावीक वजनाच्या जस्तातून वायू तेवढाच निघे. म्हणून तो धातूतूनच येतो, असे त्यांना वाटले. प्रत्यक्षात तो येतो आम्लातून. हवेपेक्षा तो सुमारे ११ पट हलका भरला. आजचा आकडा १४ च्या आसपास आहे. १७६६ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि त्यांना रॉयल सोसायटीचे कोप्ली पदक मिळाले. पुढे हाच वायू जाळून पाणी बनते, हेही त्यांनी दाखवले. निष्कर्ष चुकला, पण मोजमापाने हायड्रोजनला स्वतंत्र वायूची ओळख दिली.